स्वेच्छेने

फॉर्मवर तसंच छापलंय, जाड अक्षरात:
मी हे वाहन स्वेच्छेने परत करत आहे.
मडगावच्या ऑफिसातली मुलगी बोट ठेवते,
सर इथे, आणि मॅडम तुम्ही इथे,
सहकर्जदार म्हणून.
रोहिदास विचारतो, हा शब्द खोडता येईल काय?
ती पंखा आमच्याकडे वळवते.
नाही सर, मग ती जप्ती होते,
जप्तीचे चार्जेस वेगळे.

तर स्वेच्छेने.
साठातले सदतीस भरले.
माझ्या वहीत सदतीस खुणा आहेत,
पहिल्या वर्षीच्या निळ्या शाईत, ठसठशीत,
नंतरच्या पेन्सिलीने, कारण बँकेचा मेसेज येईस्तोवर
खात्री नसायची.
पस्तिसावी माझ्या पाटल्यांची.

अर्धी विमानं मोपाला गेली, त्याला कोण काय करणार.
पूर्वी चिखलीत आमच्या कौलांवरून एखादं उतरलं
की मांडणीवरची भांडी किणकिणायची,
आणि हा हुमणाचा हात धुऊन अर्ध्या ताटावरून उठायचा:
दिल्लीचं आलं.
आता भांडी गप्प असतात.
आता तो पोटभर जेवतो, आणि ताटाशीच बसून राहतो.

काल रात्री त्याने गाडी धुतली.
मी म्हटलं, नेणार ते, धुतोस तू कशाला?
म्हणाला, घाण दिली तर म्हणतील
ह्यांना ठेवता येत नव्हती.
मिंगेलकडून मशीन आणून सीटखालची वाळू ओढली.
कोलव्याची, पाळोळ्याची, मोरजीची,
लोकांच्या सदतीस महिन्यांच्या सुट्ट्या.
एका मुलाचं डावं सँडल निघालं,
एक परदेशी नाणं, त्यावर कुणाचा तरी मुकुट.
सीटच्या रुळातली वाळू मात्र निघेना.
राहू दे, मी म्हटलं, ती त्यांची.

वेर्ण्याच्या यार्डात ग्लेन नावाचा पोरगा
भर उन्हात टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला.
टायर अंगठ्याने दाबले, जसा कुणी पणस दाबून बघतो.
स्टेपनी आहे. जॅक आहे. दुसरी चावी?
दुसरी चावी मी देव्हाऱ्यात ठेवली होती,
तिला कुंकू लागलेलं.
त्याने ती पँटला पुसली आणि पाकिटात टाकली.
मग किलोमीटर लिहिले:
एक लाख बेचाळीस हजार सहाशे अकरा.
इकरा न्हय रे, रोहिदास म्हणाला, बारा. गेटार बदल्लो.
सकाळपासून तो एवढंच बोलला होता.
ग्लेन परत गेला, काचेतून डोकावला,
आणि अकरा खोडून बारा केले.
बाजूला सही केली.
हे खोडता आलं.

लिलावात काय येईल ते येईल, तो म्हणाला,
कमी पडेल ते तुमच्या नावावर राहील, पत्र येईल.
गुलाबी प्रत आम्हाला. कार्बन इतका फिका
की आमचंच नाव वाचता येईना.

कुठ्ठाळीवरून कदंबाने परत आलो, उभ्याने.
दाबोळीच्या चढावर वरून एक विमान गेलं.
खिडकीतल्या बाईने वर पाहिलं, रोहिदासने नाही.
हैदराबादचं, तो म्हणाला, वीस मिनिटं लेट.
कंडक्टरला वाटलं तिकीट मागतोय.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.
फाटकातून शिरलो आणि दोघेही
कुंपणाला चिकटून, अंग चोरून, आडवे चालत गेलो,
गाडी मध्ये उभी असल्यासारखे.
पायरीवर पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं.
त्याच्या आलं की नाही, विचारलं नाही.
त्याने चुलीतली राख आणून तेलाच्या डागावर टाकली,
चपलेने पसरली.
मी पायरीवर बसून जागा डोळ्यांनी मोजली:
डाग सोडून तीन सुपं सोलां मावतील,
चार नाही.